बहात्तर टक्क्यांवर अडकलेलं घर

बहात्तर टक्क्यांवर घरकान तिसऱ्यांदा अडकला तेव्हा वेणूनं त्याला एक ठेवणीतली शिवी हासडली. चिंचवडच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात ती ऐकायला कुकर होता, फ्रीज होता, आणि तिच्याकडे पाठ करून मटार सोलत बसलेली तिची धाकटी जाऊ कालिंदी होती. कालिंदीनं मान वळवली नाही. एक शेंग जरा जोरात मोडली, एवढंच.

घरकान म्हणजे अंगठ्याएवढी काळी डबी. एका अंगाला बारीक जाळी, तिच्यामागे माइक, वर लुकलुकणारा हिरवा दिवा. दुसऱ्या अंगाला यूएसबीची खाच. पंचाहत्तरी गाठलेलं माणूस ज्या घरात असेल तिथं ज्येष्ठ स्वास्थ्य मंडळाची माणसं ती भिंतीवर चिकटवून जायची. डबी दिवसभर ऐकायची. शब्द साठवत नाही, असं मंडळ छातीवर हात ठेवून सांगायचं. नुसत्या आवाजावरून घराला शंभरपैकी गुण द्यायची. महिन्यातून एकदा ती भिंतीवरून काढून केबलनं लॅपटॉपला जोडायची. मग गुण मंडळाकडे जात, आणि मंडळानं नवं फर्मवेअर काढलं असेल तर ते डबीत उतरे. फर्मवेअर ही यंत्राच्या पोटातली हुकूमवही. ती बदलली की डबी तीच दिसते, पण तिचा स्वभाव बदलतो.

सातवी आवृत्ती उतरवायचा आज शेवटचा दिवस होता. मंडळाचं पत्र फ्रीजच्या दारावर चुंबकाखाली लटकत होतं आणि त्यातल्या एका वाक्याखाली कालिंदीनं लाल पेननं रेघ ओढून ठेवली होती: 'शुक्रवारी सायंकाळी पाचपर्यंत अद्ययावत न झालेले घर निःशब्द समजण्यात येईल व त्यातील वयाने ज्येष्ठ व्यक्तीस आधारनिवासात हलवण्यात येईल.'

वेणू अठ्ठ्याहत्तर वर्षांची, कालिंदी पंचाहत्तर. लाल रेघेचा अर्थ समजावून सांगायला कुणी लागत नव्हतं.

आधारनिवास घाटापलीकडे होता. खालच्या मजल्यावरच्या दाणी मास्तरांना गेल्या वर्षी तिथं नेलं. वेणू एकदा भेटायला गेली होती. मास्तरांच्या पलंगाला नंबर होता, खिडकी बंद होती, आणि त्यांनी तिला "जेवलात का?" हे चार वेळा विचारलं. परत येताना बसमध्ये तिनं ठरवलं होतं, मरायचं तर या ओट्याशी, उभ्यानं.

म्हणून सकाळपासून ती डबीच्या मागे लागली होती. पहिल्यांदा केबल बदलली. दुसऱ्यांदा खाच स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली. तिसऱ्यांदा टाचणीनं रीसेटचं छिद्र दाबून धरलं, पंधरापर्यंत आकडे मोजले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पट्टी दर वेळी झरझर बहात्तरपर्यंत जायची आणि थांबायची. पडद्यावर एकच शब्द यायचा, 'प्रतीक्षा'. दहा मिनिटांनी 'प्रक्रिया रद्द'. पुन्हा शून्य.

तिला भोसरीचा कारखाना आठवला. चौऱ्याऐंशी साली, एकोणिसाव्या वर्षी, ती तिथं टेपरेकॉर्डर जुळवायला लागली. लांबच लांब टेबल, बावीस बायका, प्रत्येकीपुढे तापलेलं सोल्डरिंग आयर्न आणि हवेत राळेचा गोडसर धूर. डबे उघडायच्या वेळी त्या धुरात लसणाच्या चटणीचा वास मिसळायचा. टेप वाचणाऱ्या हेडशेजारी एक बारीक स्क्रू असायचा. तो केसभर फिरवायचा आणि आवाज उजळला की हात थांबवायचा. मोजायला मीटर होता, पण सुपरवायझर बाई आधी विचारायच्या, "वेणू, तुझा कान काय म्हणतो?" तेव्हाची यंत्रं बिघडली की बिघडल्यासारखी वागायची. टेप गुंतायची, पट्टा सुटायचा, मोटर जळाली तर वास यायचा. हे मेलं धड बिघडतही नव्हतं. ताटावर बसलेल्या जावयासारखं नुसतं अडून राहिलं होतं.

तिनं बाहेरच्या खोलीत जाऊन मदतकेंद्राला फोन लावला.

"नमस्कार, पेडणेकर बोलतोय. आजी, काय अडचण आहे?"

"आजी म्हणू नका. बहात्तरवर अडकतंय."

"केबल बदलून बघितलीत?"

"बदलली. खाच पुसली. दुसऱ्या पोर्टला लावली. रीसेट केलं. सोळा वर्षं टेपरेकॉर्डर जुळवलेत मी. बटण दाबलंय का, ते विचारू नका."

पलीकडून उसासा आला. "बाई, सकाळपासून हा माझा त्रेचाळिसावा फोन. तुमची डबी ठणठणीत आहे. बहात्तरनंतर तिला घरातले दोन नोंदलेले आवाज ऐकायचे असतात. एकीनं बोलायचं, दुसरीनं उत्तर द्यायचं. त्याशिवाय पुढचं मोजमाप जुळत नाही."

"पडद्यावर 'प्रतीक्षा' एवढंच येतंय."

"उत्तराचीच प्रतीक्षा आहे ती. दुसऱ्या बाई घरात नाहीत का?"

वेणूनं दारातून आत पाहिलं. मटारांच्या टरफलांचा ढीग वाढला होता. "आहे."

"मग बोला की दहा मिनिटं. भाजीपाला, गुडघे, काहीही."

"दुसरा काही उपाय असेल तर सांगा."

"बोलण्याला उपाय?" पेडणेकर पहिल्यांदाच जागा झाल्यासारखा वाटला. "नाही हो बाई. आणि पाचनंतर आमच्याही हातात काही नाही."

वेणू आणि कालिंदी यांचा अबोला चौदा वर्षांचा होता.

तो साधासुधा नव्हता. आधीच्या सहाही आवृत्त्या फक्त आवाजाची पट्टी मोजायच्या. आरडाओरडा झाला की गुण कमी, शांतता असली की गुण जास्त. त्यामुळे या घराला दर महिन्याला चौऱ्याण्णव गुण मिळायचे, आणि मागच्या वर्षी मंडळानं 'शांत घर' म्हणून एक प्रशस्तिपत्रही पाठवलं होतं. ते पाहून दोघी आपापल्या खोलीत वेगवेगळ्या हसल्या होत्या.

सातव्या आवृत्तीमागे मात्र नवा शोध होता. दोन माणसं बोलत असतात तेव्हा एकाचं संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यांत जेमतेम एका सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. पण साधा एक शब्द जुळवून तोंडाबाहेर काढायला मेंदूला त्याच्या तिप्पट वेळ लागतो. याचा अर्थ असा, की समोरचा बोलत असतानाच आपण त्याचं वाक्य कुठं संपणार हे ताडतो आणि आपलं उत्तर तयार ठेवतो. ऐकणं म्हणजे गप्प बसणं नव्हे, समोरच्याच्या चार पावलं पुढे धावणं. एका प्रयोगशाळेनं हजारो म्हाताऱ्यांची ही फट वर्षानुवर्षं मोजली आणि तिला दिसलं, की ज्यांच्याशी कुणी बोलत नाही त्यांची फट आधी रुंदावते, आणि मग पाच-सहा वर्षांत त्यांची स्मृती जाते. घरातला आरडाओरडा माणसाला मारत नाही, उत्तर न येणं मारतं. तेव्हा मंडळानं ठरवलं, यापुढे आवाज नव्हे, ही फट मोजायची. प्रत्येक घराची पहिली मोजणी फर्मवेअर उतरतानाच व्हायची.

वेणूनं पत्रकात हे सगळं वाचलं होतं. बहात्तरचा आणि त्याचा संबंध मात्र तिच्या ध्यानात आला नव्हता. केबल बदलणाऱ्या माणसाला दोष केबलीतच दिसतो.

तीन वाजता कालिंदी नेहमीप्रमाणे गॅलरीत गेली आणि नाशिकच्या लेकीला फोन लावला. तिचा फोनवरचा आवाज चौकापर्यंत जायचा. वेणूनं कपाटातून तळहाताएवढा टेपरेकॉर्डर काढला. कारखाना बंद झाला तेव्हा प्रत्येकीला एकेक दिला होता. तिचा अजून चालायचा, कारण ती त्याला चालवायची. पडद्याआड उभं राहून तिनं जावेचा आवाज टेपवर घेतला. मग स्वयंपाकघरात येऊन पुन्हा शून्यापासून सुरुवात केली, आणि पट्टी बहात्तरवर येताच डबीसमोर टेप लावली.

"आज मटार स्वस्त दिसतात," ती डबीकडे बघून म्हणाली.

"अगं, डावा गुडघा तर उचलतच नाही," टेपमधली कालिंदी म्हणाली.

पट्टी हलली नाही. पडद्यावर शब्द आले: 'हा आवाज ऐकत नाही.'

वेणूनं टेप मागेपुढे केली, नेमकी जागा साधून बटण दाबलं. तिच्या बोटांना अजून सेकंदाचे तुकडे कळत होते. पण डबी फसली नाही. टेपमधलं माणूस वेणूच्या वाक्याचा शेवट ताडत नव्हतं, आणि तेवढं डबीला पुरत होतं.

"फ्रीजबाई," मागून आवाज आला, "घरात चोर शिरलाय. आवाज चोरतोय."

कालिंदी दारात उभी होती. अबोल्यातसुद्धा घर चालवावं लागतं, आणि त्यासाठी या दोघींनी चौदा वर्षांपूर्वीच वाटण्या करून घेतल्या होत्या. वेणू कुकरशी बोलायची, कालिंदी फ्रीजशी.

"कुकरबाई, चोरण्यासारखं काही असतं तर गोष्ट वेगळी," वेणू वळूनही न बघता म्हणाली. "तीन मिनिटं नुसता गुडघा."

"निदान माझा गुडघा विचारणारं माणूस आहे, फ्रीजबाई. काही लोकांना तेही नाही."

लॅपटॉप किणकिणला. दोघींनी एकदमच पाहिलं. पंचाहत्तर.

वेणूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कुकर काय नि फ्रीज काय, डबीला त्याचं सोयरसुतक नव्हतं. तिला आवाज दोन हवे होते आणि मधली फट हवी होती. पण तोच उजेड कालिंदीच्याही डोक्यात पडला. तिनं पंचाहत्तरच्या आकड्याकडे पाहिलं, फ्रीजवरच्या लाल रेघेकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. सव्वाचार. मग ती सावकाश खुर्चीवर बसली, मटारांची परात मांडीवर घेतली आणि ओठ घट्ट मिटून सोलायला लागली. तिच्या चेहऱ्यावर असं समाधान वेणूनं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

विनवणी करायची? वेणूची जीभ उचलेना. आधारनिवास परवडला. पण एक गोष्ट तिला कालिंदीच्या लेकीपेक्षाही नीट माहीत होती: या बाईला कुठं टोचलं की ती गप्प बसूच शकत नाही.

"कुकरबाई," ती म्हणाली, "आज मटारची उसळ दिसतेय. गूळ जरा जपून पडला तर बरं. मागच्या वेळी मला वाटलं, पंचामृत वाढलंय."

एक शेंग मोडली.

"नाशिकचीही काय चूक? असली उसळ खाऊन मोठी झालेली पोर दिवाळीला तरी कशाला येईल!"

"ती येत नाही कारण—" कालिंदीनं जीभ चावली, पण गाडी उतारावर लागली होती. "फ्रीजबाई, ती येत नाही कारण या घरात पाऊल टाकलं की काही लोकांचं तोंड बघावं लागतं!"

अठ्ठ्याहत्तर.

"तोंड बघायला डोळे लागतात. तिच्या बापासारखेच मिटलेले असतील. बाजाची पेटी वाजवताना मिटायचे तसे. सूर कुठं, पेटी कुठं!"

"ह्यांच्या पेटीचं नाव काढायचं काम नाही! फ्रीजबाई, ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या टेपा पुसल्या, त्यांनी गाणं शिकवू नये!"

"हेड पुसायचे, टेपा नव्हे. अडाणी!"

"अडाणी म्हणे! बाराव्या इयत्तेत दोनदा बसलेलं कोण?"

"एकदा!"

"दोनदा! लग्नात सासूबाईंनी सांगितलं होतं सगळ्यांना!"

पंच्याऐंशी. एक्याण्णव. वाक्यं एकमेकींच्या शेपटीवर पाय देत चालली होती. वेणूचं वाक्य संपायच्या आत कालिंदीचा श्वास भरून तयार असायचा, आणि कालिंदीचा 'फ्री' निघाला की वेणूला पुढचं सगळं कळलेलं असायचं. चौदा वर्षं दोघींनी दुसरं केलं काय होतं? साडी कशी आपटली, पातेलं कुठं ठेवलं, दार किती जोरात लावलं, सगळं टिपत आल्या होत्या. डबीनं पडद्याच्या कोपऱ्यात पहिला अंदाज दाखवला: फट, सेकंदाचा सहावा हिस्सा. पत्रकात नव्या जोडप्यांचीही एवढी कमी दिली नव्हती.

वेणूचं तिकडे लक्ष नव्हतं. ती आता गुणांसाठी भांडत नव्हती. दातांत अडकलेलं काहीतरी जिभेला सापडावं तसं तिला ते सापडलं होतं, आणि ते बाहेर काढल्याशिवाय तिला थांबता येईना.

"कुकरबाई, विचार तिला. त्या पहाटे मला का उठवलं नाही? दवाखान्यात बाकावर मी दहा पावलांवर झोपले होते. हे आत शेवटचे श्वास घेत होते. ही यांच्याशेजारी बसली होती. दहा पावलं! का उठवलं नाही, विचार."

पट्टी सत्त्याण्णववर होती. ती थांबली.

कालिंदीची बोटंही थांबली. हा प्रश्न वेणूनं नवऱ्याच्या तेराव्याच्या दिवशी विचारला होता, तीसचाळीस पाहुण्यांसमोर, आणि त्याचं उत्तर ऐकायला ती थांबली नव्हती. "हिनं मारलं त्यांना," असं म्हणून ती आत निघून गेली होती. तिथून अबोला सुरू झाला.

'प्रतीक्षा.'

एक मिनिट गेलं. दोन गेली. घड्याळात पाचला पंधरा कमी होती. आता रद्द झालं तर पुन्हा बहात्तर गाठून पुढचं सगळं बोलायला वेळ नव्हता. वेणूला ते दिसत होतं, पण तिनं तोंड उघडलं नाही. ती तिचं सांगून बसली होती. पाळी दुसरीची होती.

"फ्रीजबाई," कालिंदी म्हणाली. तिचा आवाज इतका खाली आला होता की डबीचा दिवा क्षणभर पिवळा झाला. "उठवलं होतं. हाक मारली. हलवलं. शेवटी गालावर मारलं. त्या उठल्या नाहीत."

वेणूनं पहिल्यांदा मान वळवली.

"तीन रात्री पापणीला पापणी लावली नव्हती त्यांनी. पडतील म्हणून भीती वाटली. डॉक्टर म्हणाले होते, आजची रात्र निघेल. माझ्या झोपेच्या गोळ्या पर्समध्ये होत्या. त्यांच्या चहात मी एक टाकली." तिनं परात खाली ठेवली. "भावोजी विचारत होते, वेणू कुठाय. मी म्हटलं, येतेय. तीनदा म्हटलं, येतेय."

डबीचा दिवा पुन्हा हिरवा झाला. सत्त्याण्णव. 'प्रतीक्षा.'

आता पाळी वेणूची होती.

चौदा वर्षं तिनं एका आळशी, बेफिकीर बाईचा राग केला होता. ती बाई कधी नव्हतीच. तिच्या जागी ही बसली होती. हिनं गोळी टाकली होती आणि हिनंच तिच्या गालावर मारलं होतं. चौदा वर्षं तेरावा, वर्षश्राद्ध, दिवाळ्या सगळं पार पाडून, एक शब्द न बोलता, हिनं अर्धा ओटा वापरला होता. वेणूला तिची कीव येईना. उलट राग नव्यानं, ताज्या रक्तासारखा वर आला. गोळी! तिच्या चहात! आणि ते विचारत होते.

तिचा हात केबलीवर गेला. ओढली की संपलं. डबी दगड होईल, पाच वाजतील, उद्या गाडी येईल, आणि हे तोंड पुन्हा बघावं लागणार नाही. कालिंदीनं तो हात पाहिला. खाली बघून तिनं परातीतला एक दाणा उचलला आणि पुन्हा परातीत टाकला.

वेणूनं खोटं उत्तर द्यायचा विचार केला. 'झालं गेलं गंगेला मिळालं' असं म्हटलं की काम होईल. पण पातेलं कसं ठेवलं त्यावरून मन ओळखणाऱ्या या बाईला ते खोटं लगेच कळलं असतं, आणि मग ती जिंकली असती.

पाचला सात कमी.

तिनं केबल सोडली. कुकरकडे पाहिलं नाही. सरळ पाहिलं, चौदा वर्षांत पहिल्यांदा, त्या सुरकुतलेल्या, सुजलेल्या डोळ्यांत.

"कालिंदी, मरेपर्यंत तुला माफ करणार नाही मी."

"मागितलीय कुणी!"

लॅपटॉप किणकिणला. शंभर. डबीचा दिवा स्थिर झाला आणि पडद्यावर मंडळाचं हिरवं अभिनंदन उमटलं: 'सातवी आवृत्ती कार्यरत. घर बोलते आहे. ज्येष्ठ सदस्य येथेच राहतील.'

कालिंदीनं ते वाचलं. पदरानं नाक पुसलं, परात ओट्यावर आदळली आणि गॅस पेटवला.

"राहा मग ताई. राहा. बसा माझ्या उरावर!"

"बसणारच," वेणू म्हणाली. गुळाचा डबा तिनं हात लांबवून कालिंदीच्या समोरून उचलला आणि वरच्या फळीवर, तिचा हात पोचणार नाही तिथं, ठेवून दिला. "तुला एकटीला सुखानं मरू देते होय!"